पंगतीकडं फिरव

आमच्या आत्याला लग्नात नवरा-नवरी बघण्यात काडीचाही रस नव्हता. त्रिशरण-पंचशील झालं, हार पडले, की ती शूटिंगवाल्याचं कोपर धरून त्याला जेवणाच्या पंगतीकडे न्यायची. तो बिचारा स्टेजकडे बघत उलटा चालायचा. "नवरानवरी कुठं पळून चाललेत का," ती म्हणायची. "पंगतीकडं फिरव. समदे तिथंच हायेत." त्यामुळे आमच्याकडच्या डीव्हीडींत हार घालणं चटकन उरकायचं आणि वरण वाढणं संपता संपायचं नाही.

आत्या मुखेडला सरकारी दवाखान्यात नर्स होती. दुसऱ्यांना ऑपरेशनला पाठवण्यात तिची सगळी नोकरी सरली, पण स्वतःचा मोतीबिंदू मात्र ती "ऊन उतरू दे" म्हणत वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहिली. चेहरे तिला पुसट दिसायचे. तरी लांबून कोण येतंय हे सगळ्यांच्या आधी तीच सांगायची. कसं, असं विचारलं तर म्हणायची, "तोंडाला पावडर लावता येती. चालीला काय लावशील?"

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, हे तर पंगतीचेच माणूस. एका पायाने थोडे लंगडत, वरणाची बादली घेऊन ते शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत फिरायचे. फोटोला बोलावलं की आधी जेवणं होऊ द्या म्हणायचे, आणि जेवणं होईपर्यंत फोटोवाला निघून गेलेला असायचा. ते गेले तेव्हा लक्षात आलं, की हलते-चालते मामा आता एकाच डीव्हीडीत उरलेत, अहमदपूरला झालेल्या ताईच्या लग्नाच्या. बाकीच्या डीव्हीडी भावकीत बघायला गेल्या त्या गेल्याच. हीसुद्धा अडकायला लागली होती. म्हणून आत्या ती पिशवीत घालून लातूरला माझ्याकडे आली.

डिस्क लॅपटॉपवर उतरली. आता फाइल केवढी करायची हा प्रश्न होता. धाकट्या भावाचं म्हणणं, मोबाइलवर सगळ्यांना पाठवता आली पाहिजे. म्हणून मी हलकी सेटिंग निवडली. जुन्या शूटिंगमध्ये माणूस हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या काढायच्या पर्यायावरही खूण केली. रेषा गेल्या. चेहरे स्वच्छ दिसू लागले आणि मी माझ्यावरच खूश झालो.

आत्या टीव्हीसमोर बसून बघत राहिली. मग म्हणाली, "हे तुझे मामा न्हाईत. हे कुणीतरी गचके खाऊन राहिलंय."

मला राग आला. धड दिसत नाही आणि खोड काढते. तरी मूळ डिस्क आणि फाइल शेजारी शेजारी लावून बघितली. जुना कॅमेरा एका चित्रात पाठोपाठचे दोन क्षण साठवतो. माझ्या सेटिंगने त्यातला एक टाकून दिला होता, आणि मामांच्या लंगडण्यातला मधला हेलकावा त्याच्यासोबत गेला होता. मी दोन्ही क्षण ठेवणारा पर्याय निवडून पुन्हा फाइल केली. ती इतकी फुगली की भावाने फोनवर कपाळाला हात लावल्याचं मला इकडे कळलं.

या वेळी आत्या टीव्हीच्या जवळ सरकून बसली. टीव्हीवर मामा बादली सावरत, झुकत पंगतीतून पुढे सरकत होते. "हां," ती म्हणाली, "आता आले." तिने तेवढाच भाग परत लावायला सांगितला आणि परत बघितला.

जाताना तिने एकच काम सांगितलं. हार पडल्यानंतरच्या भागावर शूटिंगवाल्याने गाणं टाकलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात तिचा आवाज खणखणीत होता. "माझं वरडणं तेवढं काढ बाबा. लोक हासतेत." मी हो म्हणालो आणि काढलं नाही.

यंदा आत्या गेली. पुण्यानुमोदनाला लावायला फोटो शोधू लागलो, तर एकाही लग्नाच्या अल्बममध्ये ती दिसेना. दिसणार कशी? ती कायम कॅमेऱ्याच्या मागे. शेवटी नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. तो तिच्यासारखा दिसत नव्हता.

जेवणं झाल्यावर ताईने तिच्या लग्नाची फाइल लावायला सांगितली. टीव्हीवर स्टेज दिसत होतं, ताई आणि दाजी हार घालून उभे होते. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आत्याचा आवाज आला, "पंगतीकडं फिरव." घरात कुणी हसलं नाही. चित्र हललं, आणि मामा बादली घेऊन आले.