पुनवेच्या दुसऱ्या दिवशीची रास

“पुनवंच्या दुसऱ्या दिवसाची पोर, आन् वृश्चिक रास म्हनं. कसं काय, बया?”

शेजारची आजी घुगऱ्यांवर मीठ टाकता टाकता हळूच आईला म्हणाली. माले गावात, आमच्या घरी, माझ्या भाचीचं बारसं होतं. मी पाळण्याला झेंडूची माळ बांधत होते. गाठ हातातच राहिली.

रास मीच काढली होती. इंग्रजी शाळेत शिकलेली आत्या म्हणून दादानं ते काम माझ्यावर सोपवलं. मी फोनमध्ये जन्मतारीख टाकली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, म्हणून स्कॉर्पिओ आलं. म्हणजे वृश्चिक, म्हणजे अक्षर ‘न’. वहिनीच्या मनात सातव्या महिन्यापासून ‘उ’चं एक नाव होतं. तरी ती ‘न’च्या नावांची यादी करायला बसली.

“त्या सांच्याला चांद कृत्तिकंच्या झुबक्याला खेटून व्हता,” आजी सांगत होती. “गोठ्याच्या दारातनं बघितला मी. आपली रास चांदावरनं आसती. पोर वृषभंची हाय. ब, व, न्हाईतर उ.”

“ऱ्हाऊ द्या आता,” आई म्हणाली. “फ्लेक्सवर नाव छापलंय.”

मी परसात गेले. धरणाकाठी तंबूत राहायला येणारे लोक वापरतात तो आकाशाचा नकाशा माझ्या फोनमध्ये होता. त्यात भाचीच्या जन्माची संध्याकाळ लावली. चंद्र कृत्तिकांशेजारी, आजी म्हणाली तसाच. इंग्रजी रास सूर्यावरून धरतात, पण तो सूर्यसुद्धा वृश्चिकेत नव्हता, तुळेच्या ताऱ्यांत होता. खाली लिहिलं होतं की इंग्रजी राशी ऋतूंवर मोजतात, आणि ताऱ्यांशी त्यांचा मेळ दोन हजार वर्षांत सुटत गेला आहे. इंग्रजी मकर डिसेंबरातच लागते आणि आपली संक्रांत जानेवारीत येते, हे मला आजवर खटकलंसुद्धा नव्हतं.

खरं तर मला मजा वाटली. आजीकडे फोन नव्हता, नुसतं गोठ्याचं दार होतं. मग वहिनीची ती यादी आठवली. राशींवर माझा फारसा विश्वास नाही. पण वहिनीनं मनातलं नाव सोडलं ते माझ्या अक्षरासाठी.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. आजीही पुढं काही बोलली नसती. चारचौघांत बोलायची मला सवयही नाही.

“चला आत्याबाई, सांगा कानात,” कुणीतरी म्हणालं. मी आत येऊन पाळण्यावर वाकले. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, म्हणून पाच-सहा बायका हात उगारून तयारच होत्या. भाची डोळे किलकिले करून माझ्याकडे बघत होती.

“लवकर वन्सं, हात दुखाय लागलं सगळ्यांचं,” वहिनी हसत म्हणाली.

मी सरळ उभी राहिले.

“थांबा. रास मी चुकीची काढली, आजींचं बरोबर आहे. वहिनी, तुमचं ‘उ’चंच नाव सांगते हिच्या कानात, आणि मग मला दोन धपाटे जास्त घाला.”