सिस्टरचे अग्रलेख

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात बत्तीस खाटा होत्या आणि त्या बत्तीस खाटांना एकच सिस्टर पुरून उरायची. कागदोपत्री दोन होत्या म्हणा, पण दुसरी सदा रजेवर. ही बाई बुटकी, आडव्या बांध्याची, चालताना चपलांचा फटफट आवाज करणारी. तो आवाज कानावर पडला की विव्हळणारा माणूससुद्धा जरा सावरून बसायचा. ओरडायची काय, लाड करायची काय! "काका, गोळी घेतली नाहीत ना, तर आजपासून तुमची माझी कट्टी," असं सत्तरीच्या म्हाताऱ्याला दरडावायची आणि तो मुकाट गोळी गिळायचा. टाके काढताना पेशंटचा हात धरायला डॉक्टर मुद्दाम तिलाच बोलवायचे. हात काय, कुणीही धरेल. पण सिस्टरने धरला की माणूस ओरडायचं विसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि असं असून ही बाई एकवीस वर्षं तात्पुरती होती. तात्पुरती! अकरा महिने भरले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी म्हणून पुन्हा कामावर हजर व्हायचं. तिच्या हाताखाली सुई टोचायला शिकलेल्या पोरी कायम झाल्या, वर चढल्या, तिलाच कामं सांगू लागल्या. हिच्या ओळखपत्रावरची तारीख मात्र संपायची ती संपायचीच. "मी मेले तरी तात्पुरतीच मरणार बघा," असं ती हसत म्हणायची. ते हसू काही खरं नव्हतं. कायम व्हायचं, एवढी एकच इच्छा तिने आयुष्यात धरली होती आणि आता बेचाळिसावं सरत आलं होतं.

तशात परदेशातल्या एका इस्पितळाचं पत्र आलं. पहिल्या दिवसापासून कायम नोकरी, नवऱ्यालाही बरोबर नेता येईल. अट एकच: इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, चारही एका दमात पास व्हायचं. संधी तीन, त्याही पंचेचाळिशीच्या आत.

पहिल्या दोन्ही वेळा ती वाचनात आपटली. बोलण्यात मात्र दोन्ही वेळा पास होती, काठावर का होईना. "डोन्ट क्राय. आय ॲम हिअर. व्हेअर पेन? शो मी." असं मोडकंतोडकं बोलून ती तरून गेली होती. पण जे आपल्याला जमतं त्याचं कुणाला कौतुक असतं? जे जमत नाही त्याच्याच नावाने माणूस रडतो.

तिच्या इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी दुसरा निकाल पाहून चष्मा कपाळावर चढवला. "सिस्टर, तुमच्या शब्दांची बोंब आहे. उद्यापासून रोज एक अग्रलेख वाचायचा. राजकारण, अर्थकारण. दहा अवघड शब्द काढायचे, पाठ करायचे आणि बोलताना वापरायचे. सोप्या शब्दांच्या वाटेला जायचं नाही, ते काय, आपोआप येतात. आणि ते 'डोन्ट क्राय' आधी बंद करा. बाजारू इंग्रजी आहे ते. कान किटतात माझे."

या सरांनी उभ्या जन्मात कुण्या आजाऱ्याच्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरला नसेल. पण हातात खडू असलेल्या माणसापुढे सिस्टरची मान आपोआप खाली जायची. सर म्हणाले ना, मग झालं.

मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावरचा इंग्रजी पेपर दुपारी एकला मोकळा व्हायचा. सिस्टर तो घेऊन चादरींच्या खोलीत जायची, धुऊन आलेल्या गठ्ठ्यावर बसायची आणि डब्यातला घास एका हाताने खात दुसऱ्या हाताने डिक्शनरी उलटायची. सलाइनच्या बाटलीवर पेशंटचं नाव लिहायला नर्स लोक चिकटपट्टीचा तुकडा वापरतात, तशाच तुकड्यांवर ती शब्द लिहायची आणि डाव्या बाहीच्या आतून चिकटवायची. मग खाटांवरून फिरताना हळूच बाही उलटून बघायची. नाडी मोजता मोजता 'डेफिसिट'. ड्रेसिंग करता करता 'स्टेलमेट'. कुठल्या देशाचं सरकार डळमळतंय, कुणाचं चलन घसरतंय, याचं तिला काडीचं सोयरसुतक नव्हतं. पण शब्द जिरत गेले. चौदा महिन्यांत तिने अग्रलेखांची अक्षरशः चाळण केली.

तिचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. त्याने तिचं नाव ठेवलं संपादकबाई. "आमटी आज जरा पातळ झाली, असं यांना म्हणायची सोय नाही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "लगेच म्हणतील, हे धोरणात्मक अपयश आहे." वरून चेष्टा, पण आतून त्याला काय अभिमान! किल्ल्या घासताना तो तिच्याकडून शब्द म्हणवून घ्यायचा. चुकली की डोळे वटारायचा, जसं काही याला सगळं कळतच होतं.

वॉर्डातल्या आयामावशीला मात्र शंका आली. ती एकदा चादरी घडी करता करता म्हणाली, "बाई, एक विचारू? तिकडच्या लोकांना ताप आला की तेसुद्धा असंच बोलतात का हो?"

"म्हणजे?"

"नाही, तुम्ही सकाळपासून ते काय ते, मोराटोरम की काय घोकताय. पोटात दुखत असेल तर माणूस तेवढं लांबलचक कुठे बोलतो?"

"मावशी, तुम्ही घड्या घाला," सिस्टर म्हणाली. मावशीने घड्या घातल्या. पण शहाणपण चालून दारात आलं होतं आणि सिस्टरने त्याला परत पाठवलं, ही गोष्ट खरी.

परीक्षेच्या दिवशी पहिले तीन पेपर दुपारच्या आत झाले. वाचनाचा उतारा कशावर असावा? व्याजदर आणि महागाई! सिस्टरला हसूच फुटलं. एकेक शब्द ओळखीचा, जणू बाहीवरूनच उतरून कागदावर बसलेला. वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी तिचा पेपर पुरा झाला. बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन केला. "अहो, सोळा आणे गेला. आता फक्त बोलणं राहिलंय, ते तर मी दोनदा पास झालेय."

बोलण्याची खोली लहान होती. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर आवाज टिपणारं यंत्र आणि त्याचा तांबडा दिवा. समोरची परीक्षक बाई तिच्याच वयाची. तिने नियम सांगितले: मार्क मी देत नाही, हे रेकॉर्डिंग दुसरीकडे जातं, तिथली माणसं ऐकतात आणि ठरवतात. मी पेशंट, तुम्ही नर्स. पाच मिनिटं.

मग तिने हातातलं कार्ड वाचलं आणि म्हाताऱ्याच्या कापऱ्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, उद्या माझं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. मी परत उठेन ना हो?"

हा प्रश्न सिस्टरने हजार वेळा ऐकला होता. उत्तर ओठांवर तयार होतं: अहो आजोबा, उठाल म्हणजे काय? उद्या संध्याकाळी माझ्यावरच खेकसाल, चहा गार का म्हणून! पण हे इंग्रजीत कसं सांगायचं? खेकसणं कुठल्या अग्रलेखात येतं? गार चहावर कुठला संपादक लिहितो? तिने तोंड उघडलं आणि चौदा महिन्यांची मेहनत धडाधड बाहेर पडली. मराठीत सांगायचं तर ती असं म्हणाली: "महोदय, सद्यस्थिती निश्चितच चिंताजनक आहे. तथापि, संबंधित यंत्रणेने सर्व आवश्यक उपाययोजना केल्या आहेत."

परीक्षक बाईची भुवई किंचित वर गेली. पण तिला कार्डाबाहेर जायची मुभा नव्हती. "आणि मी मेलो तर? घरी माझी बायको एकटी आहे."

"तिच्या पुनर्वसनाबाबत," सिस्टर म्हणाली, "सर्व संबंधित घटकांशी..."

आणि ती थांबली. तिचं तिलाच ऐकू आलं. अरे देवा, हे मी काय बोलतेय? मरणाला भ्यालेल्या माणसाला मी काय ऐकवतेय? वॉर्डात कुणी पेशंटशी असं बोललं असतं तर तिने त्याचा कान धरून बाहेर काढला असता. 'डोन्ट क्राय' जिभेच्या टोकावर आलं. पण लगेच सरांचा किटलेला कान आठवला, आणि जीभ मागे फिरली. मोठे शब्द बोलवेनात, लहान शब्द बोलायची लाज वाटे. तिची दातखीळ बसली.

तेव्हा तिने तेच केलं जे ती एकवीस वर्षं करत आली होती. खुर्ची पुढे ओढली आणि परीक्षक बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो थंडगार होता. ती त्या पालथ्या हातावरून अंगठा फिरवत राहिली, हळूहळू, एका लयीत. परीक्षक बाईने हात सोडवला नाही. तिच्या दुसऱ्या हातातलं कार्ड टेबलावर पडलं. ती पुढचा प्रश्न विचारायची विसरली की तिला विचारवेना, कोण जाणे. तिचे डोळे भरून आले, खरेखुरे. तांबडा दिवा चालूच होता. घंटा झाली तेव्हा तिने घाईने डोळे पुसले आणि सपाट आवाजात पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

सिस्टर अगदी तरंगत घरी आली. "समोरची बाई रडली हो!" ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे पास नाही तर काय?" दुसऱ्या दिवशी तिने आयामावशीलाही सांगितलं आणि मावशीने तिची दृष्ट काढल्यासारखे हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. त्या यंत्राला डोळे नव्हते, ही साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. तीन आठवडे सिस्टर मनातल्या मनात सामान बांधत होती.

निकाल सकाळी आला. ती ड्यूटीवर निघायच्या तयारीत होती. वाचन: सर्वोच्च श्रेणी. लेखन पास, ऐकणं पास. बोलणं: नापास. खाली दोन ओळींचा शेरा होता. तो तिने वाचला, आणि नवऱ्याने हातातली कानस खाली ठेवली.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, दोन मिनिटं दहा सेकंद उमेदवार गप्प होती."

"आणि?"

"आणि," सिस्टर म्हणाली, "पेशंटबद्दल सहानुभूती कुठेही दिसून आली नाही."

"वेडे आहेत लेकाचे," तो म्हणाला. "परत बस." मग त्याला आठवलं की परत बसता येत नाही, आणि तो उगाच किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिला. सिस्टरने डबा भरला, चपला घातल्या आणि ती निघाली.

वॉर्डात अकरा नंबरच्या म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला न्यायचं होतं. तिला पाहताच त्याला रडू फुटलं. "सिस्टर, बसा हो जरा माझ्याजवळ," तो म्हणाला. ती नेहमीसारखी खाटेच्या कडेला टेकली. तिचा हात त्याच्या हाताकडे गेला आणि मध्येच थांबला. खरंच सहानुभूती दिसते का माझ्यात? कधी होती का? की इतकी वर्षं माणसं नुसतीच माझ्या धाकाने गप्प बसत होती? असं तिच्या मनात आलं, आणि ते जाईना. म्हातारा हात पुढे करून वाट बघत होता. तिने सलाइनचे थेंब मोजले, तक्त्यावर वेळ लिहिली आणि ती उठून बारा नंबरचा ताप बघायला गेली.