कच्चा घास

नव्या कापसाला उन्हात एक वास येतो. सरकीच्या आतल्या तेलाचा, वाळत चाललेल्या बोंडाच्या टरफलांचा आणि वेचणाऱ्या बायकांच्या ओट्यांतल्या घामाचा तो मिळून झालेला उबट वास आहे. माझ्या संसाराची पहिली वर्षे त्या वासातच गेली. अमरावतीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचे घर होते. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी त्या वासात अचानक दुसरा वास मिसळला, तो भिजलेल्या राखेचा. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी पाहत होते. सासऱ्यांनी, ज्यांना मी मामाजी म्हणे, स्वतःच्या हाताने पाण्याची घागर चुलीवर उपडी केली होती. निखारे चरचरले, पांढरी वाफ आढ्यापर्यंत चढली आणि कापसाच्या ढिगांवरून सावकाश विरून गेली.

चूल एका दिवसात विझली नव्हती. ती आधीच हळूहळू विझत आली होती.

समुद्रापलीकडे कुठेतरी मोठी लढाई चालू होती. त्या मुलखातला कापूस विलायतेला पोचेनासा झाला म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, एवढेच आम्हा बायकांना कळत असे. वावरातून ज्वारी गेली, तूर गेली, बांधावरचे तीळसुद्धा गेले. जिकडे पाहावे तिकडे पांढरे फुटलेले शेत. दर आठवड्याला भाव चढे आणि मामाजी म्हणत, "अजून थोडं थांबू." त्या थांबण्यात घर भरत गेले. आधी ओसरी भरली, मग माजघर, मग मागचे अंगण. देवघरात कापूस आला तेव्हा देवापुढचे निरांजन तुळशीपाशी नेले. आम्ही दिवे लावायच्या आत जेवून घेऊ लागलो. थोरल्या जाऊबाई हसून म्हणत, "आता देवाले बी अंधारात झोपाची सवय करा लागन."

त्यांचे नाव सुंदरा. त्या अकोल्याच्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, गाड्यांबरोबर अकोल्याला गेले की महिना महिना तिकडेच राहत. जाऊबाईंना सातवा लागला होता. मला घरात बोलायला त्याच एक होत्या. भाकरी थापताना त्यांच्या बांगड्यांचा एक ठेका असे. त्या ठेक्यावर मी माझ्या बांगड्या वाजवायचा प्रयत्न करी, पण तो मला कधी साधला नाही.

आधी संध्याकाळची चूल बंद झाली. सकाळच्याच भाकरी दोन्ही वेळांना खायच्या. मग वारा असेल त्या दिवशी सकाळचीही बंद. तोवर कुणाला काही जड वाटले नाही. पण पलीकडच्या आळीत एका घराला ठिणगीने आग लागली. त्या आगीत ज्वाळा फार नव्हत्या. कापूस आतल्या आत धुमसत राहिला आणि दोन दिवस त्या घरातून करपलेल्या केसांसारखा वास येत होता. त्या घरातले एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडू शकले नाहीत. मामाजी त्यांना खांदा देऊन आले, अंघोळ केली आणि ओल्या धोतरानेच घागर उचलून चुलीकडे गेले.

त्यानंतर आमच्या घरात शिजलेले अन्न उरले नाही. कच्चे खाणे ही एक विद्या असते, हे मला सासूबाईंनी शिकवले. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. ज्या बाईने चाळीस वर्षे चुलीपुढे काढली, ती चूल गेल्यावर रडली नाही, की बोलली नाही. पाटावर बसून तिने नव्याने संसार मांडला. मटकी फडक्यात बांधून मोड आणायचे, हरभरे रात्रभर भिजवायचे, ज्वारी तीनदा पाणी बदलून मऊ करायची आणि गुळाबरोबर पाट्यावर वाटायची. हरभऱ्याची कोवळी पाने बारीक चिरून त्यांत तिखट, मीठ आणि कच्चे तेल घालून घोळाणा करायचा. मुळे, गाजरे, वाळके, बोरे, पेरू, दही. पहिल्या पंधरवड्यात माझे पोट दगडासारखे फुगले. मामाजींचे जबडे दुखत, आणि तरी ते म्हणत, "ऋषी-मुनी काय खात होते? हेच." मग शरीर हळूहळू सरावले. जिभेला मुळ्यातला गोडवा आणि मेथीतला कडूपणा वेगवेगळा कळू लागला, अंग हलके झाले. पण त्या हलकेपणात एक गारवा होता. पोटातून वर चढणारा तो गारवा पौषाच्या थंडीत पांघरुणानेही जात नसे.

जाऊबाईंना तो सर्वांत आधी जाणवला.

"आत्याबाई," त्या एकदा म्हणाल्या, "कायी ऊन भेटन का? घोटभर पानी बी चालन."

आत्याबाईंनी तांब्याचा हंडा उन्हात ठेवला. काळ्या घोंगडीत गुंडाळून, ऊन फिरेल तसा त्या तो पुढच्या अंगणात फिरवत राहिल्या. दुपारी त्यातले पाणी हाताला कोमट लागले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याकडे पाहवले नाही. तेव्हापासून जाऊबाईंचे सगळेच उन्हात तापू लागले. भिजवलेले पोहे, दूध, अंगाला लावायचे तेल. पण पौषातले ऊन ते केवढे! भिंतीवरून ते उतरले की हंडा पुन्हा गार.

त्यांना अकोल्याला माहेरी पाठवावे असे ठरले होते. पण गाडी मिळेना. वऱ्हाडातली प्रत्येक बैलजोडी कापसाला जुंपलेली. आणि रस्त्यावर बोऱ्यांनी लादलेल्या गाड्यांची रांग अशी, की त्यात गरोदर बाईला बसवून पाठवणे म्हणजे तिला रस्त्यावरच बाळंत करणे. "पुढच्या आठवड्यात पाहू," असे म्हणता म्हणता एका पहाटे त्यांना कळा सुरू झाल्या, आणि ऊन अंगणात यायच्या आत मुलगी झाली.

त्या दिवशी मामाजींनी आपण होऊन शेगडीला परवानगी दिली. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवले गेले, ओवा आणि शेपा टाकल्या, आणि कितीतरी दिवसांनी घरात धुराचा जिवंत वास दरवळला. जाऊबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या गालांवर थोडा रंग आला. मी बाळाला घेऊन कोपऱ्यात बसले होते. कापसाचे तंतू त्या घरात सतत हवेत तरंगत, आम्ही ते श्वासाबरोबर घेत असू. त्यातलाच एक पुंजका हळू हळू खाली उतरला, शेगडीवर क्षणभर थरथरला, पेटला आणि गोधडीच्या कडेला जाऊन बसला. आत्याबाईंनी उघड्या तळहाताने तो दाबला. काही झाले नाही. गोधडीला बोटभर काळा डाग आणि आत्याबाईंच्या तळव्याला फोड, बस्स.

पण मामाजींनी दारातून ते पाहिले होते. ते आत आले, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने येऊ नये हेही विसरून, आणि शेगडी उचलून बाहेर घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "घर जळलं त पोर बी जळन, तिची माय बी जळन. त्या म्हाताऱ्याले मी खांदा देल्ला आहे. तुमी पाह्यलं नाई, मी पाह्यलं."

मला वाटले, आत्याबाई आता बोलतील. त्यांनी हाताचा फोड पदरात गुंडाळला, बाजेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बरोबर हाये तुमचं."

तिसऱ्या दिवशी जाऊबाईंना थंडी वाजून ताप आला. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी त्यांचे दात वाजत. पोटात भिजवलेले काही ठरेना. त्या दुपारी आमच्या दारात कुलसुमबी उभी राहिली. गल्लीच्या टोकाला, विहिरीपलीकडे, तिचे रंगाऱ्याचे घर. त्यांच्याकडे कापूस नव्हता म्हणून गल्लीत तेवढी एकच चूल पेटत असे. तिच्या हातात कापडाने झाकलेले भांडे होते आणि कापडातून वाफ येत होती.

"बाई," ती आत्याबाईंना म्हणाली, "तांदळाची पेज हाये, वर तूप टाकलं. बाळंतिणीले गरम पायजे. कोनाले सांगनार नाई मी, अल्लाची कसम."

आत्याबाई उंबरठ्याच्या आत उभ्या होत्या. कच्चा शिधा कुणाच्याही घरचा चालत असे. कुलसुमबीच्या परसातले लिंबू आणि मिरच्या आम्ही नेहमीच आणत होतो. पण तिच्या चुलीवर शिजलेले, तिच्या भांड्यातले? ती वाफ मला आजही दिसते. थंडीत ती सरळ वर जात होती. आत्याबाईंचा उजवा हात पदरातून निघाला, अर्ध्यावर आला आणि थांबला.

"तुही माया मोठी हाये," त्या म्हणाल्या. "पन आमच्यात चालत नाई, बहीन."

कुलसुमबी भांडे छातीशी धरून परत गेली. आतून जाऊबाईंनी विचारले, "कोन आलं होतं?" आत्याबाई म्हणाल्या, "कोनी नाई." जाऊबाईंनी मान वळवली. तुपाचा वास त्यांच्यापर्यंत पोचला होता, हे आम्हा दोघींनाही कळले.

दोन दिवसांनी, सकाळी, उन्हात ठेवलेला हंडा तापायच्या आत त्या गेल्या.

पेज दिली असती तर त्या जगल्या असत्या का, हे मला माहीत नाही. तो ताप अनेक घरांतल्या अनेक बाळंतिणींना घेऊन गेला आहे, गरम खाणाऱ्यांनाही. पण घोटभर ऊन मागत गेलेल्या माणसाबद्दल हा हिशेब कुणी मांडू नये, असे मला वाटते.

बाळ भुकेने रडत होते. शेळीचे दूध त्याला पचेना. तेव्हा आत्याबाईंनी ते उचलले, पदरात झाकले आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, कुलसुमबीच्या घरी गेल्या. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. मामाजी ओसरीवर बसले होते. कुणीतरी काहीतरी म्हणाले असावे, कारण मामाजी जमिनीकडे पाहत बोलले, "दूध कच्चं अस्ते. त्याले विटाळ नाई." आत्याबाई परत येत होत्या आणि त्यांनी ते ऐकले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला राग म्हणता येणार नाही, दुःखही म्हणता येणार नाही. विहिरीत डोकावल्यावर खालून वर येते तशी एक थंड पोकळी होती ती.

पुढच्या उन्हाळ्यात ती लढाई संपली. भाव कोसळले. पिवळा पडलेला, उंदरांनी पोखरलेला कापूस मिळेल त्या दराने गेला. घर रिकामे झाले, आणि रिकाम्या माजघरात आमचे बोलणे घुमू लागले. चूल मीच सारवली, मीच पेटवली. पहिली भाकरी टम्म फुगली तेव्हा मामाजींच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या यजमानांनी तर तव्यावरून उतरायच्या आत तिचा तुकडा मोडला. मी आत्याबाईंचे ताट वाढले.

"मले भिजवलेलं दे," त्या म्हणाल्या.

एवढेच. नंतरही कधी त्यांनी कारण सांगितले नाही. आम्ही सगळे गरम जेवत असू आणि त्या भिंतीकडे पाठ करून मोड आलेले मूग चावत असत. हिवाळ्यातही कोमट पाणी घेत नसत. गल्लीत बोलवा झाली की यांनी अग्नी वर्ज्य करण्याचे व्रत घेतले आहे. बायका पाया पडायला येऊ लागल्या, त्यांच्या हातचा घोळाणा प्रसाद म्हणून नेऊ लागल्या. आत्याबाई कुणाला नाही म्हणत नसत. फक्त कुलसुमबी आली की उठून आत जात. थोरल्या दिरांनी अकोल्याला दुसरा संसार मांडला. मुलगी आमच्याकडेच राहिली. तिचे नाव येसू.

येसू सहा वर्षांची असेल. हिवाळ्यातली सकाळ, मी तिच्या ताटात भाकरी टाकली, वर लोण्याचा गोळा. तिने ताट सरकवले.

"मले नको. मी आजीसारखी खाईन."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. समजावले, रागावले. ती आजीला चिकटून बसे आणि भिजवलेल्या हरभऱ्यांचा घास तोंडात धरून राही, गिळता येत नसे तरी. आठवड्याभरात तिचे हातपाय गार पडू लागले. एका सकाळी तिला हुडहुडी भरली आणि ती आत्याबाईंच्या पदरात शिरून म्हणाली, "आजी, तू शिजलेलं कावून खात नाई? वाईट अस्ते का ते?"

आत्याबाईंनी तिची बोटे हातात घेतली. आपल्या तळव्यांत ती चोळली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सूनबाई, भाकर टाक मले."

मी थापली. तव्यावरची भाकरी मी त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती मोडली, वाफ निघाली तशी मान थोडी मागे घेतली, आणि घास तोंडात घातला. त्या चावत होत्या, चावतच राहिल्या. गिळताना डोळे घट्ट मिटले होते. येसू त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"ऊन हाये?" तिने विचारले.

"हो. ऊन हाये," आत्याबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास तिच्या तोंडात घातला.

गल्लीतल्या बायका हळहळल्या. एवढी वर्षे पाळलेले व्रत पोरीच्या हट्टापायी मोडले, म्हणाल्या. हळूहळू पाया पडणे थांबले. आत्याबाई त्यानंतर रोज, येसूसमोर बसून, गरम जेवल्या. मी वाढत असे आणि त्यांच्याकडे पाहत असे. इतकी वर्षे कच्चे खाताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता असे. ती आता राहिली नव्हती. प्रत्येक घासाला त्या नव्याने त्या उंबरठ्याच्या आत उभ्या राहत, कुलसुमबीला नाही म्हणत आणि पुन्हा घास उचलत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की गार अन्नाची ती सारी वर्षे कदाचित त्यांच्यासाठी सोपी होती. खरी शिक्षा आता कुठे सुरू झाली होती, आणि ती त्यांनी भाकरीबरोबर, लेकराच्या डोळ्यांदेखत, मुकाट्याने गिळायची ठरवली होती.