पारबतानं विणलेलं मुसकं

गोंदियाच्या दवाखान्यात नर्स बाहेर आली नि म्हणाली, "बाबा, आजी गेल्या." मी बाकावरून उठलो नाही. माझा साळा दयाराम, कामठ्याचा, त्यानं मात्र तिथंच गळा काढला, "माह्या बहिणीच्या अंगात ताकदच नव्हती जी." पारबताला जाऊन महिना झाला, तो अजून तेच घरोघर सांगून राहिला. म्हणून मी, चार बुकं शिकलेला म्हातारा, लिहायला बसलो.

ताकद नव्हती म्हणे. धानाचे भारे ती डोक्यावर माझ्या दुप्पट न्यायची... आजार आला तो आधी गालावर, लाल चट्टा. मग बोटांचे सांधे सुजले. गावानं ऊन म्हटलं, वात म्हटलं, कोणी करणीही म्हटलं. गावाला तोंड आहे, डोकं नाही. डॉक्टरीणबाईनं मात्र नीट सांगितलं. रक्तात राखणीच्या पेशी असतात, रोगजंतूंना मारतात. त्यांच्या अंगावरच थांबायची कळ, म्हणजे बटण, असते. आपल्याच शरीराची पेशी समोर आली की तिच्यावरची खूण त्या कळेला लागते, अन् राखणदार आवरतो. अशा कळा धड चालल्या नाहीत, तर राखणदार घरच्यावरच उठतात. आजींचे सांधे धरले होते, आता मूत्रपिंडं धरलीत. लुपस नाव त्याचं.

पारबता म्हणाली, "म्हंजे बैलाचं मुसकं सुटलं म्हना ना, बाई." मळणीत धान चुरताना बैलानं पायाखालचं धान खाऊ नये म्हणून तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ते मुसकं. आमच्या घरची सारी तिनंच विणली. बाई हसल्या. म्हणाल्या, तसंच समजा, या गोळ्या त्यांना आवरतात, मनानं बंद करू नका.

मग आला दयाराम, गुळवेलीचा काढा घेऊन. मोबाईलात पाहून शहाणा झालेला. बहिणीला म्हणे, "बाई, ह्या गोळ्या ताकद मारून राहिल्या. कायले खातेस? हा घे, प्रतिकारशक्ती वाढंल."

मी म्हटलं, "अरे, बैल घरचं धान खाऊन राहिला, अन् तू त्याले सरकीची ढेप चारतं?"

"भाऊजी, तुमाले त्यातलं समजत नाई."

त्याला समजत होतं. दहावी नापास, पण समजत होतं.

माहेरचं आलेलं परत धाडायचं नाही, ही पारबताची रीत. ती काढा प्यायली, गोळ्या बाजूला ठेवल्या. मी ओरडलो तर म्हणे, "भावाचं मन राहू द्या जी, मंग घेईन." मन राहिलं. पाय सुजले, लघवी आटली. दवाखान्यात नेलं तेव्हा बाईनं एवढंच विचारलं, "गोळ्या काऊन बंद केल्या?" दयाराम भिंतीकडे पाहत होता.

बैल विकून झाले, आता मशीन येते. तरी वासरानं माती खाऊ नये म्हणून ती मुसकं विणायचीच. शेवटचं सुजल्या बोटांनी विणलं, एका बाजूला जाळी विरळ पडली. ते खुंटीला आहे.

परवा दयाराम पुन्हा आला. हातात बाटली. "भाऊजी, लय खंगले तुमी. काढा आणला."

मी खुंटीवरचं मुसकं काढलं. त्याच्याच तोंडाला बांधायचं मनात होतं. पण हातात घेतलं अन् ती विरळ जागा बोटाला लागली... याच्या तोंडाला कायले हे? परत अडकवलं. बाटली घेतली अन् त्याच्यासमोर उकिरड्यावर ओतली. माहेरचं परत न धाडायची रीत तिची होती. माझी नाही.