डेल्मरच्या मेंढ्यासाठी भरलेली काडतुसं

आमच्या डोंगरात दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. एक वेळ दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरतील, पण काडतूस नाही. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, जास्त पडली तर बंदूक तोंडावर फुटते, आणि ते काडतूस भरणारा मात्र तेव्हा आपल्या घरी कॉफी पीत बसलेला असतो. असं असूनही डेल्मर प्रुइट आयुष्यभर मर्ल ऑस्बीची काडतुसं वापरत आला. दोघं एकाच लाकूडगिरणीत होते. डेल्मर ओंडके ओढायचा, मर्ल करवतींना धार लावायचा. गिरणी बंद पडल्यावर मर्लच्या हाताची किंमत असणारं गावात फारसं कुणी उरलं नाही, पण डेल्मर दर हिवाळ्यापूर्वी रिकामा डबा घेऊन दारात उभा राहायचा. त्या एका डब्यावर मर्लची मान ताठ होती.

बाकी मर्ल म्हणजे अखंड कुरकुर. गाडी ठेवायच्या खोलीत भिंतीला लागून त्याचं कामाचं बाक होतं आणि त्यावर मांडलेल्या एकेका हत्याराशी त्याचं हाडवैर होतं. काडतुसाच्या बुडात बसून ठिणगी पाडणाऱ्या इवल्या टोप्या मांडायची तबकडी होती. ती हलवली की सगळ्या टोप्या एका अंगावर याव्यात, अशी तिच्या खोक्यावर भलामण केलेली. प्रत्यक्षात निम्म्या उलट्या पडत आणि उरलेल्या जमिनीवर घरंगळून कपाटाखाली जात. मग मर्ल गुडघ्यांवर बसून बोटभर झाडूने एकेक बाहेर काढायचा. कोरड्या हवेत दारूचे दाणे प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला चिकटत. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायच्या पोलादी साच्यात मेण जरा कमी पडलं की पुंगळी अशी रुतून बसे की ती काढता काढता आख्खी दुपार जाई आणि शेवटी साचाच बाद होई. साचा जागेवर घट्ट धरणारं कडं आपोआप ढिलं होई. ज्याने उभा जन्म करवतीच्या दातांत केसाएवढा फरक चालू दिला नाही, त्याला असला माल विकणाऱ्याची चीड येणार नाही तर काय होणार?

त्यातच दारू तोलायचा नवा काटा आला. जुना दांडीचा काटा चांगला होता, पण त्याच्या बारीक रेघा मर्लला दिसेनाशा झाल्या. हे त्याने बायकोला, आर्लिसलाही धड सांगितलं नाही. "जमाना बदललाय," म्हणाला आणि विजेवरचा, आकडे दाखवणारा काटा घेऊन आला. तो काटा म्हणजे शुद्ध थापाड्या. खोलीतला दिवा लावला की आकडा बदले, घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाली की बदले, आर्लिसने स्वयंपाकघराचं दार उघडलं तरी बदले.

"आर्लिस, दार!" मर्ल आतून ओरडायचा.

"मर्ल, मी माझ्या घरात फिरू की नको?" आर्लिस म्हणायची. "तुझ्या काट्याला विचारून श्वास घेऊ का आता?"

रोज सकाळी कॉफीच्या दुकानात तो हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचा. "काट्याने आज पुन्हा खोटं सांगितलं. काय भरतोय ते देवालाच ठाऊक!" टेबलावरचे म्हातारे हसायचे. डेल्मरही हसायचा. मर्लच्या कुरकुरीवाचून त्यांची कॉफी खाली उतरत नसे, आणि मर्ललाही आपण गंमत आणतोय असंच वाटे.

त्या जूनमध्ये डेल्मरला रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला. वळलेल्या मोठ्या शिंगांचा नर, वर कड्यांवर राहणारा. त्याच्या परवान्याची सोडत निघते आणि माणसं तरुणपणापासून नाव घालत घालत म्हातारी होऊन मरतात. डेल्मरचं नाव निघालं तेव्हा त्याचे गुडघे कामातून गेले होते. तरी तो थेट मर्लच्या दारात आला. डोळे ओले होते.

"लेका, भरशील ना माझ्यासाठी?"

"विचारतोस काय! अशी भरून देतो की मेंढा स्वतःहून आडवा होईल."

मर्लने तो उन्हाळा त्या एका डब्यात घातला. थापाड्या काटा उचलून त्याने खोक्यात कोंबला. दांडीचा जुना काटा काढला, डोळ्याला भिंग बांधलं, भट्टी बंद केली, आर्लिसला बहिणीकडे पाठवून दिलं. प्रत्येक काडतुसाची दारू त्याने पुन्हा पुन्हा तोलली. नरसाळं काचेचं आणलं. एक टोपी जरा तिरकी वाटली तर ते काडतूस बाजूला काढलं. भिंगामुळे डोकं ठणकायचं. कॉफीच्या दुकानात मात्र तो जुनंच रडगाणं गात राहिला. भिंग बांधतो हे सांगायची लाज वाटायची आणि चांगलं चाललंय हे सांगायची त्याला सवयच नव्हती.

ऑगस्टमध्ये त्याने डबा डेल्मरच्या हाती दिला. "चल, खडीच्या खाणीत जाऊन नेम बघू."

"तू कशाला त्रास घेतोस? मी जाऊन येतो," डेल्मर म्हणाला. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाला, "एकदम झकास लागतोय नेम." मर्ल त्या दिवशी घरी शीळ घालत आला.

सप्टेंबरअखेर डेल्मर डोंगरातून उतरला तो गाडीत मेंढा घेऊनच. पुतण्यांनी त्याला जवळजवळ उचलून वर नेलं होतं म्हणतात, पण बार त्याने स्वतःच टाकला, एकच. घरी जायच्या आधी तो मर्लच्या अंगणात थांबला. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर इतक्या जोरात थापा मारल्या की आर्लिस बाहेर आली. "शनिवारी दोघंही जेवायला या," डेल्मर तिला म्हणाला. ती शिंगं बघून आत गेली, आणि डेल्मरने खिशात हात घातला. रिकामी पुंगळी भरणाऱ्याला परत आणून द्यायची, ही त्याची जन्माची सवय. त्याच सवयीने त्याने ती मर्लच्या तळहातावर ठेवली.

मर्लच्या पुंगळ्या पुन्हा पुन्हा वापरून काळवंडलेल्या असत. ही पिवळीधमक होती. टोपीभोवती कारखान्याच्या लाल लाखेची बारीक कडा. ती ओळखायला भिंग लागलं नाही.

"हे दुकानातलं आहे."

डेल्मरचा चेहरा उतरला. "हं."

"माझी कुठे आहेत?"

"गाडीत. मर्ल, ऐक जरा..."

"खाणीत काय उडवलंस मग?"

"हीच."

"म्हणजे माझा डबा उघडलासुद्धा नाहीस."

"लेका, वर्षभर तूच सांगत होतास ना? काटा खोटं बोलतो, दारू चिकटते, काय भरतोय ते देवालाच ठाऊक! मी काय बहिरा आहे?"

"ते बोलणं झालं! बोलतो माणूस!"

"मला एकच बार मिळणार होता. आणि कॉफीचं बिल नाकाला लावून वाचतोस, ते मी बघतो रे."

"मग तोंडावर सांगायचं होतंस."

"तू पुन्हा बोलला नसतास माझ्याशी."

"आता बोलेन असं वाटतंय तुला?"

डेल्मरने गाडीतून डबा आणून पायरीवर ठेवला आणि निघून गेला.

त्या दुपारी मर्लने काडतुसातून गोळी उपटायची हातोडी काढली. पोकळ डोक्यात काडतूस अडकवून ती लाकडावर आपटायची, की गोळी आणि दारू सुटी होते. हेही हत्यार भिकारच, तीन ठोक्यांत त्याची पकड निसटते. पण मर्लच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. त्याने भिंग बांधलं आणि एकेक काडतूस फोडून त्याची दारू दांडीच्या काट्यावर टाकली.

त्याला एक तरी चुकलेलं हवं होतं. मनापासून हवं होतं. एकात जरी दाणे जास्त निघाले असते, तर डेल्मर खरा ठरला असता, आणि खऱ्या ठरलेल्या मित्राला माफ करता येतं. मर्लने दुसऱ्यांदा तोललं, काट्यावर संशय घेऊन काटा पुसला आणि तिसऱ्यांदा तोललं. प्रत्येक वेळी दांडी आपल्या रेघेवर येऊन थांबली. आख्ख्या डब्यात एक चूक सापडली नाही.

आर्लिसने दार उघडलं. "शनिवारी डेल्मरकडे काय नेऊ? बटाट्याचं सॅलड चालेल ना?"

"तू जाऊन ये," मर्ल म्हणाला. "मी नाही येणार."