शोकाकुल कोण, व्यथित कोण

दुःखाला दर्जा असतो, असं माझं ठाम मत होतं. ते मी सहा बाय चारच्या फ्लेक्सवर छापलं आणि मांजर्लीत काकूंच्या दारासमोर टांगलं.

झालं असं. वैशालीचे (म्हणजे माझ्या बायकोचे) मोठे काका वारले. वय ब्याण्णव. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याच्या आत फ्लेक्स लागतो. वर फोटो, खाली 'शोकाकुल', त्याखाली पन्नास नावं. हे काम माझ्याकडे आलं, कारण सबंध सासुरवाडीत ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटणारा मी एकटाच!

'शोकाकुल' म्हणजे शोकाने व्याकूळ. एरवी हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. सख्खी आई गेली तरी माणूस "काय सांगू तुला..." एवढंच म्हणतो. मग पन्नासच्या पन्नास माणसं व्याकूळ कशी? काकांचा बुवापाड्याचा भाचा दिनेश तर तिसऱ्या दिवशी पिठलं-भात तीनदा मागून घेत होता. हा व्याकूळ? माझ्यातला भाषापंडित खवळला. मी चार रांगा पाडल्या. काकू आणि मुलं 'शोकाकुल'. भाऊ 'व्यथित'. पुतणे-पुतण्या 'दुःखी'. भाचे आणि शेजारी 'हळहळलेले'.

उल्हासनगरचे फ्लेक्सवाले सिंधी शेठ मजकूर वाचून चष्मा काढून बसले.

"साईं, हम तो सबको एक लाइन में डालते हैं. रोने में फर्स्ट क्लास, सेकंड क्लास मत करो."

"शेठ, तुम्ही छापा. मराठी माझ्यावर सोडा."

"छाप देता हूँ. मेरा नाम-नंबर नीचे नहीं डालूँगा."

नवव्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला आणि दहा मिनिटांत दिनेशचा फोन आला.

"भावजी, मी हळहळलेला? अँब्युलन्समध्ये पुढे कोण बसलेलं?"

"अरे, हळहळ म्हणजे सुद्धा—"

"दूध नासलं तर हळहळतात! मामा गेलाय माझा!"

मागोमाग शेजारचे गुरव आले. त्यांना हळहळ चालत होती, पण दिनेशच्या खाली नको होती. माझ्या दोन मेहुण्या 'दुःखी'तून वर चढवा म्हणून वैशालीच्या मागे लागल्या. मी प्रत्येकाला शब्दाचा अर्थ समजावत होतो आणि प्रत्येक जण जास्त भडकत होता. तेवढ्यात वैशाली पांढरीफटक होऊन आली.

"अहो, अण्णा येऊन वाचून गेले. उद्या दहाव्याला येणार नाही म्हणतायत."

अण्णा म्हणजे माझे सासरे आणि काकांचे धाकटे, एकुलते भाऊ. काकांनी न विचारता सामाईक शेवगा तोडला म्हणून दोघं सात वर्षं बोलत नव्हते. म्हणूनच (आता सांगायला लाज वाटते) मी हिशेबाने त्यांना 'व्यथित'मध्ये बसवलं होतं! सख्खा भाऊ दहाव्याला आला नाही, तर ही दोन घरं कायमची तुटणार होती. आणि तोडणारा कोण? मी आणि माझं शुद्धलेखन!

धावत हेंद्रेपाड्याला अण्णांच्या घरी गेलो. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले.

"या जावईबापू. दहाव्याला शोकाकुल माणसं लागतात. व्यथितांचं काय काम?"

"अण्णा, व्यथित म्हणजेही पुष्कळ दुःख असतं हो."

"किती?"

मी हाताने माप दाखवायला गेलो.

"सात वर्षं भावाशी बोललो नाही," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "रोज वाटायचं, उद्या जाऊ. ते दुःख कुठल्या रांगेत धरलंत तुम्ही?"

मी चप्पल पायात न घालता हातात घेऊनच बाहेर पडलो. थेट उल्हासनगर! शेठनी काही न विचारता 'शोकाकुल' छापलेल्या तीन मोठ्या पट्ट्या काढून दिल्या. (सकाळीच तयार ठेवल्या होत्या म्हणे!) संध्याकाळी शिडीवर चढून मी 'व्यथित', 'दुःखी' आणि 'हळहळलेले' बुजवले. आता फ्लेक्सवर ओळीने चार वेळा 'शोकाकुल' झालं. वाचणाऱ्याला वाटावं, कोणी तरी दारात उभं राहून हाका मारतंय.

दहाव्याला सकाळी सगळे काकूंच्या अंगणात जमले. अण्णांचा पत्ता नाही. गुरुजी तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. वैशाली माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं घड्याळापेक्षा वाईट होतं. मला घाम, ठसका आणि उचकी एकदमच लागली. "निघू या आता," असं कोणी तरी म्हणालं आणि रिक्षा थांबली.

अण्णा उतरले. फ्लेक्सकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सरळ काकूंपाशी गेले आणि "वहिनी..." एवढंच म्हणून लहान मुलासारखे रडायला लागले. काकूंनी त्यांचं डोकं पदराखाली घेतलं.

ते बघून माझा बांधच फुटला! आदल्या दिवसापासूनची सगळी धास्ती नाकाडोळ्यांतून वाहायला लागली. मी अण्णांपेक्षा मोठ्याने रडलो, काकूंपेक्षा मोठ्याने रडलो. गल्लीतली कुत्री उठून बसली. शेवटी काकूंनीच डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पुरे आता जावईबापू. तुम्ही कशाला एवढं रडताय? दोन दिवस हा फ्लेक्स वाचतेय मी. चारही रांगांत तुमचं नाव कुठेच नाही!"