चालू करून ठेवलेली गाडी

"डोकं सांभाळा जी."

गाडीचं दार उघडायचं आणि उजव्या हाताचा पंजा दाराच्या वरच्या कडेला धरायचा. बसणाऱ्याचं डोकं आपटलंच तर ते लोखंडावर न आपटता आपल्या हातावर आपटेल. मग दार असं लावायचं की साहेबांना कळूही नये. तीस वर्षं हे करून करून काकाजींचा तो हात आपोआप वर जायचा. मी मोहाडीच्या कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाले, त्या दिवशी ऑटोतून उतरत होते. ऑटोला दार नसतं, पण हे साहेबांच्या जीपचे ड्रायव्हर धावत आले आणि वरच्या दांडीला पंजा लावून उभे राहिले. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

सगळे त्यांना काकाजी म्हणत. साहेबांचा ड्रायव्हर तुम्हीही पाहिला असेल. साहेब बाहेर यायच्या पाच मिनिटं आधी तो गाडी चालू करून ठेवतो. साहेबांनी यावं, बसावं आणि निघावं. काकाजींची जीप इतकी जुनी होती की पाच मिनिटांनी भागत नसे, ते पंधरा मिनिटं आधी लागायचे. डिझेलची टाकी गळली तर साबण, अ‍ॅक्सिलरेटरची तार तुटली तर सुतळी, चढावर उभी राहिली तर चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, हे त्यांचं वर्कशॉप सीटखाली असे. जीपचं मीटर कितीतरी वर्षांपूर्वी थकून बंद पडलं होतं.

"गाडी चालली पायजे," ते म्हणायचे. "उभी रायली का बिघडली."

तर हे काकाजी निवृत्त झाले आणि सहा महिन्यांनी एका सकाळी आमच्या दोघांची घरं असलेल्या गल्लीत एक लांबलचक, काळीभोर, परदेशी गाडी शिरली. मी दात घासत होते, ती तशीच ब्रश तोंडात धरून बाहेर धावले. अर्धी गल्ली माझ्यासारखीच बाहेर आली होती. स्टिअरिंगवर काकाजी, पांढरा गणवेश नसलेले, चौकड्यांच्या शर्टातले.

काय गाडी होती. आत चामड्याच्या सीटा, छताला काच, आणि सीट गरम करायचं एक बटण. आमच्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात सीट गरम करायला बटण लागत नाही, पण ते बटण काकाजींनी मला तीनदा दाखवलं.

नव्या छोट्या गाडीच्या निम्म्या किमतीत ही मिळाली होती, नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. मी मीटर पाहिलं. दोन लाख अकरा हजार किलोमीटर.

"काकाजी, ही तर फारच चाललेली आहे."

"म्हणूनच तं घेतली, म्याडम. चालून रायली होती, उभी नव्हती. आपली जीप किती चालली, सांगा तुमी." मग ते जवळ आले. "अन् मी पाहाले गेलो, तं गाडी चालू होती. माह्यासाठी चालू करून ठेवली होती. ए.सी. लावून. दुकानवाल्यानं दार उघडून धरलं."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत एक नवा खेळ सुरू झाला. रात्री उभी केलेली गाडी सकाळी पोट जमिनीला टेकवून बसलेली असायची. काकाजी चालू करायचे, कुठूनतरी घरघर ऐकू यायची, आणि गाडी हळूहळू वर यायची, आधी मागून, मग पुढून. आम्ही चहाचे कप घेऊन बघायला उभे राहायचो.

"पाहा, उठून रायली," काकाजी अभिमानाने सांगायचे. "महाग गाडीची गोष्टच अलग."

मलाही ते खरंच वाटलं होतं. एवढ्या मोठ्या गाडीला रात्री टेकायची सोय असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून घेतलं. पंधरा दिवसांनी ती उठायला अर्धा तास घेऊ लागली आणि मीटरच्या काचेवर पिवळा दिवा लागला, तेव्हा काकाजी ती भंडाऱ्याच्या एका मेकॅनिककडे घेऊन गेले. मला बाजार करायचा होता, म्हणून मीही गेले.

मेकॅनिक खाली वाकला, उठला आणि हात पुसत म्हणाला, "काका, याच्यात स्प्रिंगा नाई. रबरी फुगे आहेत, पंप त्याच्यात हवा भरते. फुगे चिरले, हवा जाऊन रायली. पंप भरून भरून मरून रायला. तुमी पाहाले गेले तवा गाडी थंडी होती का गरम?"

"चालू होती."

"हं. चालू गाडीत फुगे भरलेले रायते. म्हणून नाई दिसलं."

चार फुगे आणि पंप बदलायचा खर्च त्याने सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या वर जात होता. गिअरबॉक्सचं त्याने नंतर सांगतो म्हटलं.

"माह्यासाठी चालू करून ठेवली होती," काकाजी पुन्हा म्हणाले. या वेळी फार सावकाश म्हणाले.

दुसरा कुणी असता तर बॉनेटला हात लावून म्हणाला असता, हिला आधीच ताप का भरलाय, उद्या थंड असताना येतो. पण ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांसाठी गाडी चालू करून ठेवली, त्याच्यासाठी पहिल्यांदाच कुणीतरी ती चालू करून ठेवली होती. त्यात त्याला खोट कशी दिसणार? मला त्या दुकानवाल्याचा असा राग आला, की घेतलेली वांगी मी मेकॅनिकच्या बाकावरच विसरले.

"लांब नेऊ नका," मेकॅनिकने बजावलं. "रस्त्यात बसली तं टायर घासन."

पण काकाजींना लांबच जायचं होतं. त्यासाठीच तर गाडी घेतली होती. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, माहेर साकोलीजवळचं एकोडी. फार वर्षांपूर्वी, पहिल्या बाळंतपणाला काकू तिथे असताना, काकाजी साहेबांना घेऊन एकोडीतून गेले. चौकातल्या विहिरीवर काकू उभ्या होत्या. त्यांनी जीप ओळखली, हात वर केला. मागे साहेब बसलेले. काकाजींनी गाडी थांबवली नाही, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. नंतर काकू कधी काही बोलल्या नाहीत, आणि तेच काकाजींना लागून राहिलं होतं.

"मंडईले नेतो तिले," ते म्हणाले. "मागं बसवून. त्या विहिरीपाशी दार उघडतो."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरणारी जत्रा, लेकी-जावई त्या दिवशी हमखास गावात येतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी काकाजी मला बोलवायला आले. साहेब मागे डावीकडे बसतात आणि कार्यालयाचा माणूस पुढे ड्रायव्हरशेजारी, हा नियम त्यांना मोडायचा नव्हता.

"तुमी पुढं बसा, म्याडम. तवा बरोबर दिसन."

सकाळी त्यांनी पाऊण तास आधी गाडी चालू करून ठेवली. काकू जरीकाठाचं लुगडं नेसून आल्या. काकाजींनी दार उघडलं, पंजा वर धरला. काकू लाजून आत शिरल्या आणि मागे डावीकडे बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. हायवेला लागल्यावर ती गाडी अशी काही पळाली की साकोली कधी आलं कळलंच नाही. मी काचेच्या छतातून आभाळ बघत होते, मोठ्याने हसत होते, आणि मेकॅनिकचं बोलणं पार विसरले होते. काकाजी आरशात बघून दर पाच मिनिटांनी विचारत, "बरं वाटून रायलं ना?" मागून उत्तर यायचं, "हाव."

एकोडीची घरं दिसू लागली आणि पिवळ्या दिव्याचा लाल झाला. मागचा डावा कोपरा हळूहळू खाली गेला, बरोबर काकूंच्या सीटखालचा. टायर घासल्याचा वास आला. काकाजींनी गाडी कापलेल्या धानाच्या बांधाशी घेतली.

"मी उतरून पायी येतो," कललेल्या काकू म्हणाल्या. "हे काय गाव दिसून रायलं."

"तू उतरू नको."

"अवो, पण..."

"इथं नाई उतराचं तुले. विहिरीपाशी उतराचं."

त्यांनी डिकी उघडली. साबण, सुतळी आणि जीपमधले ते दोन लाकडी ठोकळे जसेच्या तसे तिथे होते. एवढ्या महागड्या गाडीत हे कशाला, म्हणून मी त्यांना चिडवलं होतं. काकू आत बसलेल्या असतानाच काकाजींनी जॅक लावला. त्या जागच्या हलल्या नाहीत. चाकाच्या वर, फुग्याच्या जागी, त्यांनी ठोकळे ठोकून बसवले, सुतळीने आवळले आणि चिखलाने भरलेला चौकड्यांचा शर्ट झटकून स्टिअरिंगवर बसले.

बैलगाडीच्या चालीने आम्ही एकोडीत शिरलो. प्रत्येक खडा पाठीच्या कण्याला कळत होता. मंडईतली माणसं पाळणे, मिठाई सोडून बाजूला होत होती. विहीर आली, आणि काकाजींनी हॉर्नवर पंजा दाबला. दाबूनच धरला. इतका वेळ, की लोक कानावर हात ठेवून हसायला लागले. मग ते उतरले, गाडीला वळसा घालून मागे गेले, दार उघडलं आणि वरच्या कडेला हात धरला.

"डोकं सांभाळ."

काकू उतरल्या. भाऊ, भावजया, सगळी आळी बघत होती. काकाजी साहेबांसमोर उभे राहायचे तसे ताठ उभे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझं दार कुणी उघडलं नाही, माझी मी उतरले, आणि टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या.

गाडी दुसऱ्या दिवशी मोठ्या ट्रकवर चढून मोहाडीला परत आली आणि अंगणात उभी राहिली. काकाजी रोज सकाळी ती चालू करायचे. मग एक दिवस पंप कायमचा थांबला आणि ती उठायची बंद झाली. गेल्या उन्हाळ्यात काकाजी झोपेतच गेले.

परवा त्यांच्याकडे गेले होते. काकू घरात दिसेनात. पाहिलं तर अंगणातल्या गाडीत, दार उघडं टाकून, वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या. पुढे बसल्या होत्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर.

"काकू, तुमची जागा तर मागे ना?"

"मागून त्याईचा एक कानच दिसे," त्या म्हणाल्या. शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. "मले पुढंच बसाचं होतं, बाई. पण त्या दिवशी पुढं तू होतीस."

मीही एक शेंग उचलून सोलू लागले.

"बस मागं," त्या म्हणाल्या. "उन्हात कायले उभी?"

मी मागचं दार उघडलं, डोकं सांभाळून आत बसले. काकू पुढे, रिकाम्या स्टिअरिंगकडे तोंड करून, शेंगा सोलत राहिल्या.